पात्यावरचा काळा थर

११ जानेवारी, रविवार
पुन्हा होटगी गाव. जुन्या चाकूसाठी चौथी खेप. म्हाताऱ्या धुळाप्पांनी वडिलांचा चाकू काढला, पण माझ्या हातात दिला नाही, बाजेवर ठेवला. "उचल. चाकू हातात देत न्हाय आमी. माणसं तुटत्यात." त्यांच्या वडिलांनीही त्यांना स्वतः दिला नव्हता म्हणे — मावशीच्या हातून धाडला होता.

पातं ७१.४ मिमी, जाडी २.३१. मूठ म्हशीच्या शिंगाची. पात्याच्या बुडाशी कंपनीचा ठसा: मुकुट आणि चार अक्षरं, भिंगातून जेमतेम दिसणारी. मिटताना खटका स्वच्छ वाजतो. पात्यावर काळा-निळा थर, शंभर वर्षांचा तरी असेल. माझ्याकडे एकोणीस चाकू आहेत. असा एकही नाही.

विकत मागितला. "विकायचा न्हाय गं." बरं.

अभिमन्यूला सोबत नेलं, ही चूक. कारखान्यात माझ्याच माप-तपासणी विभागात आहे. चाकू जमवतो म्हणजे चकचकीत दिसेल ते उचलतो. मांडी घालून शेंगा फोडत बसला आणि म्हाताऱ्याला हसवत राहिला. मी माप घ्यायला व्हर्निअर लावला तर धुळाप्पा म्हणाले, "ही काय चाकवाला कापडं शिवती का?" अभिमन्यू सगळ्यात मोठ्यानं हसला.

१ फेब्रुवारी, रविवार
अभिमन्यू एकटाच होटगीला जाऊन आला. मला न सांगता.

२ फेब्रुवारी
चाकू त्याच्याकडे आहे! डब्याच्या सुट्टीत रुमाल सोडून दाखवला. "म्हाताऱ्यानं दिला."
"कितीला?"
"तसाच."
मी भाकरी संपवली.
आठ महिने चाकूच्या मागे होते ती मी. चार खेपा माझ्या. आणि यानं शेंगा खाल्ल्या!

५ फेब्रुवारी
आज विचारायला आला. "मॅडम, ह्यो काळेपणा काढू का? पालिशच्या चाकावर, बफवर धरतो. नवा दिसंल की."

काढायचा नसतो. जुने चाकू जमवणाऱ्याला हे पहिल्या महिन्यात कळतं. बफवर थर गेला की त्यासोबत उथळ ठसाही घासून जातो. मग उरतो तो भाजी चिरायचा चाकू.

मी मायक्रोमीटरवरून मान वर केली नाही. "काढ की," म्हटलं.

दिवसभराची मापं सगळी बरोबर आली.

६ फेब्रुवारी
बफचा आवाज. चार मिनिटं. उठून थांबवता आलं असतं.

९ फेब्रुवारी
माझा वाढदिवस. टेबलावर तोच रुमाल. आत चाकू — लखलखीत. ठसा नाही.
अभिमन्यू म्हणाला, "तुमचाच हाय, मॅडम. म्हातारा म्हणाला, मोजणाऱ्या पोरीला दे, माज्या हातानं देणार न्हाय. आन आदी सांगू नगं. एवढे दिवस पोटात ठेवलं बघा!"
जाडी २.२३.
रविवारी घेऊन ये म्हणालेत धुळाप्पा. एकदा बघायचाय त्यांना.