बाबांच्या झीनचं सातवं पान

९ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय ताई,

तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला का? इथे सगळं ठीक. म्हणजे मी सोडून सगळं ठीक. माझं डोकं पार आउट झालंय आणि त्याला तू कारणीभूत आहेस, म्हणून आधी तुझ्यावरच चिडून घेते.

"बाबांना जाऊन वर्ष होईल, तेव्हा त्यांच्यावर तुझं ते घडीचं पुस्तक कर ना, चित्रांचं. सगळ्या नातेवाइकांना देऊ," असं किती सहज म्हणालीस फोनवर. झीन म्हणतात त्याला, दहादा सांगितलं. एकच कागद, त्याचे आठ चौकोन, मधोमध एक काप, आणि नीट दुमडला की आठ पानांची पुस्तिका. मी मिक्सरच्या माहितीपत्रकांत 'झाकण असं बसवा'ची चित्रं काढून पोट भरते, मला काय अवघड, असं तुला वाटलं. मलाही वाटलं.

गेल्या आठवड्यात पहिला नमुना कापला. कागद दुमडून घडीच्या बाजूने कात्री चालवायची असते. मी चालवली सुट्या बाजूने. शिंप्याची मुलगी मी! अक्षरं गिरवायच्या आधी बाबांनी आपल्याला घडीची बाजू ओळखायला शिकवली, अंगठ्याच्या नखाने घडी बसवायला लावली, आणि माझ्या हातात पुस्तकाऐवजी दोन्हीकडे पाय फुटलेली चड्डी आली. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

दुसऱ्या नमुन्यात वरची ओळ उलटी काढायची हे विसरले. बाबा शिलाई मशीनसकट डोक्यावर उभे. तिसऱ्यात शाई पसरली. चौथा बरा झाला, पण अपुरा आहे.

पहिल्या पानावर नुसती त्यांच्या गळ्यातली टेप आहे. मग आपण दोघी कापायच्या टेबलाखाली चिंध्या गोळा करतोय, आणि ते वरून हाक मारतायत, तुला 'मोठे' आणि मला 'बटण'. पाचव्यावर तो झटका, आणि वाचा गेली ती. आठ महिने तोंडातून नुसतं 'अं'. सहाव्यावर तू त्यांना चमच्याने भरवतेस, दुसऱ्या हाताने हनुवटी पुसतेस. ते पान मला एका बैठकीत जमलं. तुझा पदर खांद्यावरून घसरलेला, तसाच काढलाय. रागावू नकोस.

सातवं, त्यांच्या शेवटच्या शब्दाचं, राहिलंय. छपाईवाले काका रोज विचारतात.

"सातवं कोरंच ठेवायचं का?"

"काढतेय हो."

"कालही काढतच होतात."

हात जमतो, गं. त्यांचा हात, माझ्या हातात. तोंड जमत नाही. 'मोठे' म्हणणारं तोंड अकरा वेळा काढलं आणि अकरा वेळा खोडलं. कागदाची साल निघाली. आता जरा उठते, चहा करते. बाकीचं नंतर लिहिते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नंतर म्हणजे तीन दिवसांनी. पत्र टेबलावर पडून होतं, मी त्याच्या बाजूने ये-जा करत होते. भांडी घासली, कपाट आवरलं, गॅसची शेगडीसुद्धा खोलून साफ केली. यावरून काय ते ओळख.

ताई, ते तोंड जमत नाही, कारण मी ते पाहिलेलंच नाही.

त्या दुपारी हॉस्पिटलात तू म्हणालीस, "बटण, तासभर बस, मी घरी जाऊन आंघोळ करून येते. त्यांना एकटं सोडू नकोस." चार दिवस तू त्या खुर्चीतून हलली नव्हतीस. मी बसले. वीस मिनिटं. बाबा झोपले होते. मग कामाचा फोन आला, मिक्सरच्या झाकणावरचा बाण उलटा छापला होता. वॉर्डात नीट ऐकू येईना म्हणून खाली गेले. बोलणं पाच मिनिटांत संपलं. मी वर आले नाही. कँटीनमधून कॉफी घेतली आणि बाकावर बसले. त्यांचा तो घरघरणारा श्वास मला ऐकवत नव्हता. वर आले तेव्हा नर्स पडदा ओढत होती. ती म्हणाली, "तुम्ही कुठे होतात?"

आणि तू आलीस, ओल्या केसांनी धावत, आणि एकच विचारलंस, "काही बोलले का गं?"

तुझा चेहरा बघवेना. माझ्या तोंडून निघून गेलं की मी त्यांचा हात धरला होता आणि ते 'मोठे' म्हणाले.

वाटलं, त्या दिवसापुरतं आहे. पण तू मावशीला सांगितलंस, शेजारच्यांना सांगितलंस. "आठ महिने शब्द नव्हता, आणि शेवटी मला हाक मारली," असं. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायचीस, मी मान हलवावी म्हणून. मी हलवायचे. त्या एका शब्दामुळे तू सावरलीस, असं भावोजी म्हणाले मला. मग मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

खरं सांगू? तुझाही राग येतो मला. का विचारलंस? आठ महिने तूच त्यांचं सगळं केलंस, मी रविवारी फळं घेऊन यायचे. तुला त्या शब्दाची गरज काय होती? पण होती. आणि मी तो खोटा दिला. आता तो चाळीस प्रतींत छापायचा, हे माझ्याने होत नाही.

काल सातवं पान काढलं. पलंग, बाबा झोपलेले, खुर्ची, खुर्चीवर माझी पर्स. काकांनी कागद उजेडात धरून बघितला. म्हणाले, "यात जवळ कोणी माणूसच नाही."

मी म्हटलं, "नव्हतं."

त्यांनी कागद परत माझ्या हातात दिला.

तो कागद सोबत पाठवतेय. छापायला दिलेला नाही, एवढा एकच आहे. तू म्हणालीस तर दुसरं सातवं पान काढून देईन, हातासकट, शब्दासकट. चित्रच आहे, माझ्या बोटांना आता लाज राहिलेली नाही. पण ते खोटं आहे हे यापुढे तुलाही माहीत असेल, आणि ते ओझं तुझ्यावर टाकल्याबद्दल माफी कशी मागतात ते मला येत नाही. तू बोलली नाहीस तर मला समजेल.

आठव्या पानावर बाबांची कात्री आहे, आठवणीतून काढलेली. मूठ चुकली असेल. खरी तुझ्याकडे आहे, ताडून बघ.

कागद मी कापलेला नाही. नखाने घड्या तेवढ्या बसवून दिल्यात. कापायचा की नाही ते तू ठरव. कापलास तर घडीच्या बाजूने.

त्या दुपारी खाली बाकावर बसलेली,
तुझी बटण