आई लाँचमध्ये चढते तो प्रसंग

प्रिय दादा,

तू गेल्यावर तुला पत्र लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. पण आपल्या थळच्या लोकांनी शाळेच्या मैदानात पडदा लावून तुझा शेवटचा सिनेमा दाखवायचं ठरवलंय, आणि बाबा पहिल्या रांगेत बसणार आहेत. त्याआधी तुझ्याशी बोलायलाच हवं.

मी तो मुंबईत पाहिला. पडद्यावरची बाई म्हणजे आपली आई, हे पहिल्याच प्रसंगात कळलं. तसंच बोलता बोलता मध्येच दाराकडे बघणं. मग ती मुलाला मांडव्याच्या जेट्टीवर ओळखीच्या बाईपाशी बसवते, ठेवणीतली साडी नेसून मुंबईच्या लाँचमध्ये चढते आणि संध्याकाळी परत येते. मुलाला म्हणते, "घरी सांगायचं न्हाय हां." बस. कुठे गेली, कोणाकडे गेली, ते तू दाखवलंच नाहीस.

माझ्या मागची बाई नवऱ्याला म्हणाली, "कोणीतरी असणार तिचं." अंधारातही माझा चेहरा तापला.

आई एकटी कधी अलिबागच्या बाजारातसुद्धा गेली नाही, असंच मी समजत होते. मग हे तू रचलंस? की खरंच कोणी होतं? रचलं असलंस तर तुझा राग यायचा, आणि खरं असलं तर? संशय तुझ्यावर घ्यावा की तिच्यावर, तेच कळेना. विचारायला आता तीही नाही.

तुझं एडिटिंगच्या खोलीतलं बोलणं आठवलं. "शैले, प्रेक्षकाला सगळं सांगू नये. संशय आला की माणूस नीट बघतो." पण म्हणून आपल्या आईवर, दादा?

शेवटी हिरामावशीकडे गेले. आईची जुनी मैत्रीण, माहेर मांडव्याचं, म्हणजे जेट्टीवरची ती बाई हीच असणार. ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मी आडून आडून विचारत राहिले. तिचा हात थांबला.

"तुला काय वाटला, यार व्हता तिचा?"

मी खाली बघत सुकट निवडायला घेतली.

"पिक्चर बगायला जायची ती. मुंबईला, दुपारच्या खेळाला. एकटी. तुला आजीपाशी ठेवायची, नि पोराला माझ्यापाशी. घरात सांगून कोन सोडनार व्हता तिला?"

परत आली की ती तुला अख्खा सिनेमा सांगायची म्हणे. मावशीच्या माहेरच्या पडवीत बसून, प्रत्येकाचा आवाज काढून, हसून, रडून. "तुझा भाव तोंड उघडा टाकून आयकायचा. बस आली तरी उठायचा न्हाय."

"पहिला सिनेमा मी पाहिला नाही, ऐकला," असं तू मुलाखतींत सांगायचास. मला ते टाळ्यांसाठी केलेलं वाक्य वाटायचं. घरात मला एकटीला तरी खरं सांगायचंस की. मी काय बाबांना जाऊन सांगणार होते?

अजून एक शंका मात्र जात नाही. ती कुठे गेली हे तू लपवलंस, ते आईला दिलेला शब्द पाळायचा म्हणून, की त्याने सिनेमा रंगतो म्हणून? लोकांना तिच्याविषयी वाट्टेल ते बोलायला मोकळीक दिलीस, हे तुझ्या लक्षात आलं नसेल? आलं असेल. दोन्ही कारणं खरी असावीत, असा मला दाट संशय आहे. तुला मी ओळखते.

बाबांना मैदानात, सगळ्यांसमोर कळायला नको म्हणून काल मीच सांगितलं.

"मला विचारलं असतं तर मी न्हायच म्हणालो असतो," म्हणाले. मग चष्मा काढून पुसत राहिले. "कुठला पिक्चर होता?"

मावशीला आठवत नाही. मला तर ठाऊकच नव्हतं. तू असतास तर त्यांना गोष्टीसकट सांगितला असतास.

तर दादा, माझा शब्द घे. त्या दिवशी मी बाबांच्या शेजारी बसेन आणि काही झालं तरी मध्ये बोलणार नाही. ही बाई निघाली कुठे, असं मागून कोणी कुजबुजलंच, तर उत्तर देण्याचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय. उभं राहून सांगणार आहेत, "माझी बायको पिक्चरला चाललीय."

तुझी,
शैला