बोटभर उंचीची बाई

बाबा, काल मी मातीच्या एका बोटभर बाईचे साठ रुपये दिले. तुम्ही असता तर कपाळाला हात लावला असता. पण मी एकटी. माझा खर्च तो कितीसा? दवाखान्यातली ड्युटी संपवून खोलीवर येते, कुलूप काढते आणि काचेच्या कपाटासमोर चहा घेऊन बसते. कपाटात आधीचे सत्तावीस जण आहेत. पोस्टमन आहे, कल्हईवाला आहे, संत्र्यांची टोपली घेतलेली म्हातारी आहे, सायकलवर पदर सावरणारी मास्तरीण आहे. सगळे मी सांगून करवून घेतलेले, कुणी बोटभर, कुणी त्याहून कमी. बरोबरच्या नर्सेस विचारतात, या वयात बाहुल्या कसल्या जमवतेस? मी हसून वेळ मारून नेते. खरं उत्तर द्यायचं तर तुमच्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि तुमच्याबद्दल मी कुणाशीच बोलत नाही.

मूर्तिकारांच्या चितार ओळीतल्या आपल्या घरात भाव वितीवर ठरायचा. वीतभर गणपतीचा एक भाव, दोन विती झाला की दुसरा, हातभराचा तिसरा. मला धड वाचता येत नव्हतं तेव्हापासून मूर्तीला वीत लावता येत होती. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची. तिचा एकही फोटो घरात नव्हता, कारण फोटो कुणी काढलाच नव्हता. तुम्ही भाकरी थापायचात, माझी वेणी घालायचात, ती नेहमी एका बाजूला ओढलेली असायची, आणि मग मातीच्या हातांनी पुन्हा कामाला बसायचात. बोलणं तुमच्या स्वभावातच नव्हतं.

मी नऊ वर्षांची असताना रामदासपेठेतल्या एक बाई मोटारीतून आल्या. त्यांना महालक्ष्म्यांपुढच्या देखाव्यासाठी बाजार हवा होता, बोटभर उंचीची अकरा माणसं. भाव विचारला तर तुम्ही म्हणालात, "होऊ द्या आधी, मंग पाहू." गणपतीचं काम डोक्यावर असताना तुम्ही रोज भर दुपारी खिडकीतल्या उजेडात ती माणसं घेऊन बसू लागलात. अंग लवकर व्हायचं. पण डोळ्यांची आखणी करताना तुम्ही खारीच्या केसांचा कुंचला धरून श्वास रोखायचात, आणि तेवढ्या वेळात मी हाक मारली तर नुसता डावा हात वर करायचात. उजव्या डोळ्यातून पाणी गळायचं, ते खांद्याला पुसायचात.

अकरा झाली आणि तुम्ही बारावी करायला घेतली. उकिडवी बसून सुपात तांदूळ पाखडणारी बाई. पदर खोचलेला, मान थोडी कलती, खालचा ओठ दातात धरलेला. तिच्यावर तुम्ही सहा दुपारी घालवल्यात. आणि बाबा, तुम्ही तिच्याशी बोलत होता. मी दारात बसून ऐकत होते. "आता मान नको हालवू," म्हणालात. "पोरगी मोठी होऊन राहिली," म्हणालात. मला वर्षभरात ऐकायला मिळाले नव्हते इतके शब्द त्या मातीला मिळत होते.

तुम्ही एका मंडळाला मूर्ती पोचवायला गेला होता तेव्हा त्या बाई माल न्यायला आल्या. भाव विचारला. मी आपली शहाणी! वितीची बोटं पाडली, हिशेब केला आणि एकेकाचे तीन आणे सांगितले. एवढ्यात वीतभर गणपतीचं नाकसुद्धा झालं नसतं. बाई थक्कच झाल्या. माणसं वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता त्यांनी फळीच्या टोकाला बोट दाखवलं. "आणि ही सूपवाली? हीपण द्यायची का?"

मी म्हणाले, "हो, न्या."

तुम्ही परत आलात आणि आधी फळीकडे पाहिलंत. मी पैसे पुढे केले. तुम्ही ते घेतले नाहीत.

"बारावी कुठं गेली वं?"

"देल्ली. त्या बाईनं मांगली."

"तीन आण्यात?"

"उंचीच तेवढी होती ना बाबा."

तुम्ही खाली बसलात. मला वाटलं आता पाठीत बसणार. पण तुम्ही फार हळू म्हणालात, "उंचीवर मोठ्यायचा भाव राह्यते. लहान्यायचा डोळ्यावर राह्यते, बाई." मग विचारलंत, "तुले ते कोन होती, ओळखू नाही आलं?"

मी म्हणाले, "नाही."

"जाऊन मांगा ना परत," असंही मी म्हणाले, भीती वाटली म्हणून. तुम्ही मान हलवलीत. "जबान देल्ली ना तू. आता ते त्यायची झाली." आणि मग स्वतःशीच बोलावं तसे म्हणालात, "पोरीलेच ओळखू नाही आली, मंग काय कामाची? चेहराच जमला नसन माह्यानं."

त्यानंतर तुम्ही बोटभर माणूस कधी केलं नाही. गिऱ्हाइकं आली, चांगला भाव घेऊन आली, तुम्ही म्हणायचात, "लहान्या कामाचा हात नाही माहा." ते खोटं आहे हे माहीत असून मी ते ऐकत मोठी झाले.

काल ज्या काकूंकडून ती बाई घेतली, त्या आपल्याच ओळीतल्या. पहिल्यांदा साठ रुपये ऐकून मीही भांडले होते. त्या म्हणाल्या, "बसून पाहा मंग." मी सुट्टीच्या दिवशी जाऊन बसले. एक डोळा आखायला त्यांनी तीनदा श्वास रोखला, दोनदा पुसून टाकला. मी गुपचूप पैसे काढले आणि रस्त्यावर येऊन रडले. मग धीर करून त्यांना आई करायला सांगितली. त्या विचारू लागल्या, मान कशी, ओठ कसा, पदर कुठं? मी भराभर सांगत गेले. "एवढी आठवते तुले माय?" त्यांनी विचारलं. मला आता माय आठवत नाही, बाबा. मी जे सांगत होते ते सगळं तुमच्या मातीतलं होतं.

काकूंची बाई चांगली झाली आहे. सूप आहे, खोचलेला पदर आहे. कपाटात अठ्ठाविसावी म्हणून ठेवली. पण ती कुणीतरी तांदूळ पाखडणारी बाई आहे. चहा निवेपर्यंत मी तिच्याकडे पाहत होते आणि घरात बोलायला कुणी नव्हतं.

हे पत्र टाकायचं कुठं? घडी करून तिच्याच मागे ठेवून देईन. एवढं मात्र लिहिते, कारण तुम्ही बोटभर माणसं करणं सोडलंत ते माझ्या एका ‘नाही’मुळे. मी ओळखलं होतं, बाबा. पहिल्याच दिवशी, डोळे व्हायच्याही आधी. तुम्ही तिच्याशी बोलायचात, माझ्याशी नाही, म्हणून दिली. चेहरा जमला होता.