माझ्या गच्चीवर बोर्ड लावू नये

मी, सुकन्या शंकरप्पा शेटकार, वय त्रेसष्ट, पूर्वी माध्यमिक शाळेत मराठीची शिक्षिका, आता घरीच, राहणार चाकूर, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पोटातला आजार वाढला आहे आणि लातूरचे डॉक्टर हल्ली पुढच्या वर्षाबद्दल बोलायचं टाळतात. डोकं मात्र ठिकाणावर आहे, असा दाखला त्यांनीच दिला आहे, तो सोबत जोडला आहे. मला कोणी धमकावलेलं नाही आणि भुलवलेलंही नाही. माणसाला भुलवतात कसं, हेच मी वर्गात शिकवत आले, म्हणून एवढं खात्रीने लिहिते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

मी लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. रक्ताची माणसं म्हणजे धाकटा भाऊ सिद्धेश्वर, त्याचा मुलगा सोमेश आणि मुलगी अंजू. खाली जे लिहिते त्याने यातल्या दोघांना राग येईल. राग आला तरी मजकूर बदलू नये.

कलम १. घर. चाकूरमध्ये लातूर-नांदेड रस्त्याला लागून असलेलं माझं घर वडिलोपार्जित नाही. माझ्या पगारातून बांधलेलं आहे, त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. ते माझ्या पश्चात माझी भाची अंजू हिला मिळावं. अंजू उदगीरला दिलेली आहे. तिच्या माहेरच्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं तेव्हा ती दोन्ही लेकरं घेऊन एसटीने आली आणि दारातच म्हणाली, "आत्या, मला भांडणातलं काय कळत न्हाई. भाकरी टाका, भूक लागली." त्या भाकरीचं हे घर.

अट एकच. या घराची गच्ची येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीतून दिसते. तिथे लोखंडी सांगाडा उभा करून जाहिरातीचा बोर्ड लावायला कोणालाही, कितीही भाडं मिळालं तरी, परवानगी देऊ नये. अंजूच्या सख्ख्या भावाला तर नाहीच. सोमेशने माझ्याकडे ही गच्ची दोनदा मागितली होती. दुसऱ्यांदा तर मी दवाखान्यात पलंगावर होते.

कलम २. सोमेशला काही का नाही. कोर्टात कोणी विचारलं तर हे कलम वाचून दाखवावं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दहावीच्या मराठीत जाहिरात-लेखन असतं. मुलं चौकट आखून 'त्वरा करा! त्वरा करा!' असं लिहितात आणि गुण मिळवतात. मला वाटायचं, आपण यांना जाहिरात लिहायला शिकवतो, वाचायला कोण शिकवणार? म्हणून नववीला शनिवारी शेवटच्या तासाला मी घरचा टीव्ही रिक्षातून शाळेत नेऊ लागले. गोरेपणाच्या मलमाच्या जाहिराती, कीटकनाशकाच्या, लग्नात डीजेवर वाजणाऱ्या गाण्यांचे व्हिडिओ. आधी आवाज बंद करून दाखवायचे, मग चित्र झाकून नुसता आवाज ऐकवायचा. मग विचारायचे: हे कोण दाखवतंय? कोणाला? आणि काय दाखवलेलं नाही?

या तासाच्या शेवटच्या तुकडीतली पोरंही पहिल्या दिवशी नुसती हसली. गाणं बऱ्यापैकी पुढे गेलं तरी नाचणाऱ्या बाईची कंबर आणि पायच दिसत होते. तेव्हा पुनम नावाची मुलगी उभी राहून म्हणाली, "मॅडम, हिचं तोंड कवा दाखवणार?" शिकवताना असे क्षण फार थोडे येतात.

खाजामियाँ बसस्टँडजवळ गाड्यांची सीटकव्हरं शिवतात. त्यांची मुलगी अलीझा या तासाच्या अगदी पहिल्या तुकडीतली. ती बारावीला लातूरला शिकली, चांगल्या गुणांनी पास झाली आणि नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला गेली. लातूरला सोमेशचा क्लास आहे. अलीझा त्या क्लासला कधीच नव्हती. एकदाच, बाहेरच्या मुलांसाठी ठेवलेली त्यांची सराव परीक्षा तिने दिली होती, आणि त्या अर्जावर फोटो लावला होता.

दोन हजार अठराच्या जूनमध्ये चाकूरच्या स्टँडसमोर सोमेशच्या क्लासचा मोठा बोर्ड लागला. मधोमध अलीझा. फोटोत तिच्या डोक्यावर ओढणी होती. बोर्डावर ओढणी काढून केस रंगवले होते. रंग उजळ केला होता. खाली नाव 'अलीझा के.' आणि 'आमची गुणवंत'.

शनिवारी मी नववीला रांगेने स्टँडवर नेलं. काय बघायचं ते मी सांगितलं नाही. राजशेखर नावाचा मुलगा, वर्गातली सगळ्यात तेज नजर त्याची, पहिल्यांदा बोलला. "मॅडम, तोंडावर उजेड डावीकडून पडलाय अन् केसांवर उजवीकडून. केस दुसऱ्या कोणाचे हायत." मग पुनम म्हणाली, "बाकीच्यांची आडनावं पूर्ण हायत. हिचंच का न्हाई?"

त्या संध्याकाळी मी अलीझाला फोन केला. तिला मैत्रिणींनी फोटो पाठवलाच होता. ती म्हणाली, "मॅडम, अम्मी बोली, ये कौन है? घरच्यांनीच वळखलं न्हाई मला."

खाजामियाँना घेऊन मी लातूरला सोमेशकडे गेले. त्याने चहा मागवला. "आत्या, फुकटात नाव झालं पोरीचं. लोक पैसे देऊन फोटो लावून राहिले." मग खिशात हात घालून खाजामियाँकडे वळला. खाजामियाँनी त्याचा हात तिथेच धरला. "साहेब, पैसा नको. फोटू उतरवा, बास." सोमेशने उतरवला नाही. स्टँडवरून आल्यावर मुलांनी बोर्डाबद्दल जे लिहिलं होतं ते मी शाळेच्या भिंतीवर लावलं. तेव्हा सिद्धेश्वर घरी आला, चप्पल न काढता उंबऱ्यात उभा राहिला. "अक्का, घरातली गोष्ट पोरांच्या हातनं भिंतीवर? शाळेला वह्या सोमेशच वाटतोय दरसाली, माहीत हाय न्हवं?"

मी म्हटलं, "माहीत आहे. म्हणूनच भिंतीवर लावलं."

त्यानंतर तो माझ्या घरी आला नाही.

पुढचं लिहायला जड जातं. बोर्डावरून गावात चर्चा झाली, मुलांनी बोर्डाचे फोटो काढले. ऑगस्टमध्ये खाजामियाँ भर दुपारी माझ्याकडे आले. फोन माझ्यापुढे धरला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कुणीतरी अलीझाच्या त्या खोट्या फोटोचा गाण्यावर व्हिडिओ केला होता. आधी नुसते केस, मग ओठ, मग हळूहळू सगळा चेहरा. मध्ये विष्णुपुरीच्या कॉलेजची कमान. खाली लोकांनी जे लिहिलं होतं ते या कागदावर येणार नाही. तालुक्यातल्या प्रत्येक फोनवर तो गेला होता.

मी तो पुन्हा आवाज बंद करून पाहिला. चेहरा शेवटपर्यंत राखून ठेवायचा, बघणाऱ्याला थांबवून धरायचं, हे सगळं आम्ही फळ्यावर उलगडून पाहिलं होतं. करणारा कोण, ते मला कळलं.

मी राजशेखरला व्हरांड्यात बाजूला घेतलं. "तू केलास?"

"हाव."

"का रे?"

"लई लोकांनी बघितला, मॅडम." त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, भीतीही नव्हती. पेपर चांगला गेलेल्या मुलासारखा दिसत होता तो.

"तिला विचारलंस?"

"बोर्डावर व्हतीच की. बोर्ड लावताना तिला कोण विचारलं?"

मी उत्तर दिलं, पण ते त्याच्यापर्यंत पोचलं असं मला वाटत नाही. त्याने माझ्यासमोर व्हिडिओ काढून टाकला. त्याने काही उपयोग नव्हता. मी पोलिसांत जायचं म्हटलं, तर खाजामियाँ म्हणाले, "पोरगं दहावीला बी न्हाई गेलं अजून. अन् चौकीत आमच्याच पोरीचं नाव चार वेळा घेतील. ऱ्हाऊ द्या, मॅडम." ते विष्णुपुरीला गेले आणि अलीझाला घरी घेऊन आले.

सोमेशने मग बोर्ड उतरवला आणि सगळीकडे सांगत सुटला, आत्याच्या तासानेच पोरीची अब्रू गेली. शाळेने माझा शनिवारचा तास बंद केला. कारण लेखी मागितलं, ते मिळालं नाही.

अलीझा घरात बसून राहिली. मी जायचे तेव्हा तिची आई जन्नतबी दार उघडायची, पण बसा म्हणायची नाही. कॉलेजचं ते वर्ष गेलं. पुढच्या जूनमध्ये अलीझा एके दिवशी स्वतःच पिशवी भरून वडिलांच्या दुकानासमोर उभी राहिली. "अब्बा, नांदेडची गाडी किती वाजता हाय?" त्यांनी मशीन बंद केलं आणि तिच्याबरोबर गाडीत बसले. ती इंजिनिअर झाली, आता हैदराबादला नोकरी करते. पण ते गेलेलं वर्ष तिचं होतं, आणि ते मी कोणाच्याही नावे करून देऊ शकत नाही.

म्हणून सोमेशला माझ्या मिळकतीतलं काही मिळू नये.

कलम ३. सिद्धेश्वरला आमच्या वडिलांचा, अप्पांचा, दुकानातला कापड मोजायचा लोखंडी गज द्यावा. गिऱ्हाइकाला कमी भरावं म्हणून अप्पा गजावर कापड कधी ताणत नसत. दुकानात आम्ही दोघांनी ते पाहिलं आहे. बाकी त्याच्याबद्दल मनात काही ठेवलेलं नाही. ठेवलं होतं, आता ओझं उचलवत नाही.

कलम ४. माझा टीव्ही, त्याला जोडायच्या सगळ्या वायरी, जमवलेल्या जाहिराती आणि गाणी, आणि दवाखान्याचं भागवून बँकेत जे उरेल ते पुनमला द्यावं. पुनम आता उमरीला शाळेत शिकवते आणि तिने तो तास पुन्हा सुरू केला आहे. मागच्या महिन्यात ती भेटायला आली तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, माझ्या वर्गात बी एखादा राजशेखर निघाला तर?" शिकवणं चूक होतं असं मी लिहिणार नाही, कारण मला तसं वाटत नाही. पण कुलूप कसं चालतं हे दाखवलं की ते घर राखणाऱ्यालाही कळतं आणि फोडणाऱ्यालाही. पुनमला मी एवढंच सांगू शकले की चित्रात कोण आहे, हे शेवटी विचारू नकोस, आधी विचार. हे पुरेसं आहे का, मला ठाऊक नाही.

कलम ५. अंत्यविधी. आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे रुद्रभूमीत दफन करावं, विधीला जंगमांना बोलवावं. 'भावपूर्ण श्रद्धांजली' असा माझ्या फोटोचा फ्लेक्स चौकात लावू नये. खाली शोकाकुल म्हणून ज्यांची नावं येतील ती मला आत्ताच दिसताहेत.

कलम ६. व्यवस्था. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अलीझा खाजामियाँ शेख हिने करावी. भाऊ, भाचा असताना परकी मुलगी कशाला, असं लोक म्हणतील. ती परकी नाही. मी तिला हे घरच देऊ केलं होतं. ती म्हणाली, "नको, मॅडम. चाकूरला परत यायला मन होत नाही. दुसरं काय काम असंल तर सांगा." हे ते काम.

कलम ७. माझ्याकडे एक चांगला व्हिडिओ कॅमेरा आहे. निवृत्तीनंतर घेतला, फारसा वापरला नाही. तो राजशेखरला द्यावा, असं माझ्या मनात बरेच दिवस होतं. राजशेखर आता लातूरला असतो आणि सोमेशच्याच क्लासच्या जाहिराती बनवतो. चांगल्या बनवतो, मी पाहिल्या आहेत, आवाज बंद करून. इतकी नजर असलेला मुलगा मला नंतर मिळाला नाही. त्याला काही दिलं तर अलीझाचा अपमान होतो का, आणि नाही दिलं तर मी शिक्षिका कसली, या दोन विचारांत माझे दिवस गेले.

शेवटी मी अलीझाला फोनवर विचारलं. तिच्या मागे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. ती म्हणाली, "द्या त्याला. पण माझ्या हातनं द्या. त्यानं माझ्यासमोर यावं, माझ्या तोंडाकडं बघावं, अन् घ्यावा."

मी विचारलं, "आणि तो आलाच नाही तर?"

"तर ऱ्हाऊ द्या माझ्याकडं, मॅडम. मी वाट बघीन."

त्याप्रमाणे करावं. मुदत मी घालत नाही.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, मोठ्याने वाचला आणि बरोबर आहे असं पाहून सही केली.

सही: सुकन्या शंकरप्पा शेटकार

आम्ही दोघांनी त्यांना आमच्यासमोर सही करताना पाहिलं, त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या. यात आम्हाला काही मिळणार नाही.

साक्षीदार:
१. महामाया कांबळे, शिक्षिका, चाकूर
२. शिवप्पा हालगे, औषध दुकानदार, चाकूर

ठिकाण: चाकूर
दिनांक: १८ सप्टेंबर २०२५