घर म्हणून नोंदवा

४ नोव्हेंबर, कोंडबंदर

पोचले एकदाची. म्हसळ्याच्या स्टँडवर रुचिका स्कूटर घेऊन उभी होती. पुण्याच्या हॉस्टेलात एका खोलीत राहिलेलो आम्ही, तिला मी पाठीवरूनच ओळखलं. जरा वाळलीये फक्त. तिथून खाडीच्या कडेकडेनं आलो. एका बाजूला कांदळवन, दुसऱ्या बाजूला सुपारीच्या बागा. सिन्नरच्या कोरड्या मातीत वाढलेली मी, एवढं हिरवं बघून उगाचच हसत होते.

काम सोपं आहे. एका कंपनीसाठी खाडीकाठच्या कांदळवनाची मोजणी. ठरलेल्या जागी जायचं, झाडं मोजायची, फोटो काढायचे. आजवर हे रुचिका करत होती. आता ती म्हसळ्याच्या ऑफिसात बसणार आणि तिच्या जागी मी. माझं नाव तिनंच सुचवलं. पदवी घेऊन किती दिवस घरी बसून होते, तिचा फोन आला तेव्हा आईनं देवापुढे साखर ठेवली.

खोली हुस्नबानू खालांच्या माडीवर. त्यांचा मुलगा कुवेतला असतो, घरात त्या एकट्याच. खिडकीतून खाडी दिसते, थेट जुन्या धक्क्यापर्यंत. रात्री तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण झालं. छान झोप लागणार.

५ नोव्हेंबर

आज यंत्र ताब्यात आलं. हातात मावणारा जुना पॉकेट कॉम्प्युटर, जाड रबरी कव्हर, पडद्यावर टोचायला एक काडी. मला वाटलं होतं मोबाईलवरच भागेल. पण कंपनीचं सॉफ्टवेअर यावरच चालतं म्हणे, आणि कांदळवनात मोबाईलला रेंज नसते.

सगळी सकाळ अंगणात जीपीएस लावण्यात गेली. आधी कार्डावर नकाशे उतरवले, म्हसळ्यापासून श्रीवर्धनपर्यंत. मग जीपीएस जोडायचा पोर्ट निवडायचा. चुकीचा निवडला तर यंत्र नुसतंच शोधत बसतं. नकाशाची पद्धतही जुळवावी लागते, नाहीतर पाण्यातली जागा रस्त्यावर दिसते. शेवटी ते उघड्यावर ठेवून वाट बघायची. उपग्रहांच्या राखाडी पट्ट्या एकेक करून हिरव्या झाल्या तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.

शेवटची पायरी माझी मलाच करायची होती. रुचिका म्हणाली, तुझं नाव घाल आणि 'घर' नोंदव, म्हणजे कुठूनही परत यायला बाण दिसेल. मी खालांच्या अंगणातच नोंदवणार होते, पण घरामुळे सिग्नल अडतो म्हणून ती मला जुन्या धक्क्यावर घेऊन गेली. धक्क्याच्या टोकाला चिखलात उतरणारा एक सपाट दगड आहे. त्यावर उभं राहून 'प्राप्ती' असं माझं नाव घातलं, 'घर म्हणून नोंदवा' दाबलं. रुचिका वरच थांबली होती. मी वर आले तर तिनं मला घट्ट मिठी मारली आणि रडायलाच लागली. दमलीये बिचारी.

७ नोव्हेंबर

काम जमतंय. बाण दाखवील तिकडे चालायचं, दोन पावलं इकडची तिकडे होत नाहीत. चिपीची आणि तिवराची झाडं आता लांबून ओळखू येतात. रुचिकाला फोन केला, उचलला नाही. नवीन ऑफिस, कामात असेल.

१० नोव्हेंबर

आज एक गंमत झाली. काम आटोपून खालांकडे निघाले, यंत्र बंद करून पिशवीत ठेवलेलं. रस्ता आता पाठ आहे. बोलत बोलत, म्हणजे मनातल्या मनात, चालत होते आणि पायाखाली दगड लागला. धक्क्याचा दगड. खालांचं घर बरोबर उलट्या बाजूला. ओहोटी होती. चिखलावर ऊन चमकत होतं.

हसले आणि परत फिरले. पण परत फिरताना पाय जड झाले होते, एखाद्याच्या घरून न जेवता निघावं तसं.

११ नोव्हेंबर

खालांनी यंत्र आज पहिल्यांदा बघितलं. भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला. मला म्हणाल्या, "बेटा, हे घरात नको आणूस. ओंकारच्या हातात होतं हे."

ओंकार कोण ते मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं. माझ्याआधी तो याच खोलीत राहायचा, हेच काम करायचा. शेवटी शेवटी रोज धक्क्यावर जाऊन उभा राहायचा. कुठं जातोस विचारलं की म्हणायचा, घरी. गेल्या मे महिन्यात भरदुपारी ओहोटीला चिखलात उतरला आणि तिथंच रुतला. लोक दोर घेऊन पोचेस्तोवर भरतीचं पाणी वर आलं होतं. मी विचारलं, त्याला कुणी हाक नाही मारली? खाला म्हणाल्या, "तुझी मैत्रीण होती ना वर उभी. तिनंच त्याला कामाला आणलेला."

रुचिकानं मला ओंकारचं नावसुद्धा सांगितलं नाही.

१२ नोव्हेंबर

यंत्रातलं घर पुसलं. नाव पुसलं. सगळं नव्यानं लावलं. चालू केलं की परत तेच, प्राप्ती, आणि बाण खाडीकडे.

मग ते खोलीत ठेवून साबण आणायला गेले. दुकान मशिदीच्या पलीकडे, सरळ रस्ता. दुकानापर्यंत नीट गेले. 'आता घरी जावं' असं मनात आलं आणि –

गुडघ्यापर्यंत चिखल. एका कोळणीनं ओरडून मला भानावर आणलं. साबण हातातच होता.

म्हणजे बाण यंत्रात राहिलेला नाही.

१४ नोव्हेंबर

सकाळी आईचा फोन आला. दिवाळीचं काहीतरी सांगत होती, ओसरी रंगवली म्हणाली. मला ओसरी आठवेना. डोळे मिटून सिन्नरचं घर आठवायला बसले. स्टँडवरून कुठं वळायचं? दार कसलं? काहीच येत नाही. घर म्हटलं की एक सपाट दगड, आणि त्याच्या खाली मऊ, गार.

आईला म्हटलं, काम आहे, नंतर बोलते.

दुपारी दुसऱ्याच्या फोनवरून रुचिकाला लावला. तिनं उचलला. माझा आवाज ऐकून आधी ठेवायला निघाली, मग सगळं सांगितलं. पहिल्यांदा ते घर तिनंच नोंदवलं होतं, सहज, तिथं स्कूटर लावायची म्हणून. ओढ लागली तेव्हा तिनं ओंकारला आणलं, त्याचं नाव घातलं आणि ती सुटली. पण ज्याला दिलं तो बुडाला की ओढ देणाऱ्याकडे परत येते. म्हणून मग मी.

मी विचारलं, मीच का?

"प्राप्ती, तुझ्याशिवाय माझ्या शब्दावर कोण आलं असतं?"

एवढ्या मायेनं म्हणाली. मग म्हणाली की तूही कुणालातरी आण, म्हणजे आपण दोघी सुटू. धाकटी बहीण आहे ना तुला, क्रांती. मी फोन ठेवला.

१५ नोव्हेंबर

रुचिका आली होती. खालांनी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. अंगणात माझ्या पाया पडली. कालचं बोलणं विसर म्हणाली, डोकं ठिकाणावर नव्हतं. ज्यानं सॉफ्टवेअर बसवलं तो माणूस मुंबईत आहे, त्याच्याकडून यंत्र मुळापासून कोरं करून घेते, मग दोघी मोकळ्या. तोवर ओहोटीच्या वेळी बाहेर पडू नकोस.

तिचा चेहरा हॉस्टेलात मला ताप आला होता तेव्हाचा. रात्रभर बसली होती उशाशी.

यंत्र दिलं तिला.

१७ नोव्हेंबर

ओहोटी लागली की खाला बाहेरून कडी घालून कुलूप लावतात. मीच सांगितलंय. शपथ घातलीये की मी कितीही विनवलं, रडले, काहीही म्हटलं तरी उघडायचं नाही. त्या जिन्यात तसबीची माळ ओढत बसतात. आज मी दार नखांनी खरवडलं म्हणे. मला आठवत नाही. नखांत रंग आहे.

रुचिकाचा फोन बंद.

१८ नोव्हेंबर

क्रांतीचा फोन. खुशीत होती. "ताई, मी म्हसळ्यात उतरले. रुचिकाताई आलीये घ्यायला. तू आजारी आहेस म्हणाली, तुझ्या जागी थोडे दिवस मी काम करू का? ती शिकवते म्हणतेय." मी ओरडले, तिच्याबरोबर जाऊ नकोस. रेंज गेली. परत लावतेय. लागत नाही –

ओहोटी. दार बंद. खाला उघडत नाहीत, शपथ शपथ म्हणतात. मी म्हटलं ही ओढ नाही, माझी बहीण आहे. त्या म्हणाल्या, परवा तू हेच म्हणत होतीस, आई आलीये म्हणून.

खिडकीतून स्कूटर दिसली. धक्क्यावर. खालांनीही बघितली असावी, त्या पळतायत. गुडघा दुखतो त्यांचा. किल्ली त्यांच्याकडेच.

मी हाका मारतेय. वारा उलटा आहे. लिहितेय म्हणूनच जागेवर आहे, पेन सोडलं तर पाय –

क्रांतीचा निळा ड्रेस. दगडावर उतरली. हातात यंत्र. रुचिका वर थांबली. खाला अजून सुपारीच्या बागेपाशीच.

क्रांती मान खाली घालून काडीनं टोचतेय. एकेक अक्षर.

क्रांती वर बघ. वर बघ गं –

पाय हलके झाले. एकदम.

नको. नको. आठवतंय मला. स्टँडवरून बाहेर पडलं की पिठाची गिरणी, गिरणीवरून डावीकडे, निळं लोखंडी फाटक, त्याची कडी वर उचलून आत ढकलावी लागते, आणि आत आमचं