नावाडी म्हणतो, आज नाही

बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

मिळाला! ‘दलदलीची राणी’, आमचा लहानपणीचा कॉम्प्युटर गेम, पुन्हा विक्रीला आलाय! अठ्ठावीस वर्षं वाट पाहिली आणि आज ऑफिसात चहाच्या रांगेत उभ्या उभ्या विकत घेतला. इंग्रजी नाव लांबलचक आहे. बाबा नुसतं ‘दलदलवाली’ म्हणायचे.

ताईला लगेच फोन. म्हटलं, आता सिद्धच करतो. १९९७ साली खडकीच्या क्वार्टरमध्ये आपण नदीकाठी अडकलो ते फक्त तुझ्यामुळे. तू कंदील विहिरीत टाकलास. नावाड्याला कंदील दिल्याशिवाय तो पलीकडे नेत नाही.

ताई नागपूरला ऑडिटमध्ये आहे. तिचं उत्तर ठरलेलं — “मी टाकला नाही. पुरावा आण.”

रविवारी, सोळाला, ती येतेय. पैज लागली. मी खरा ठरलो तर तिने सगळ्यांसमोर कबूल करायचं. खोटा ठरलो तर मी माफी मागायची — लेखी!

या वादाशिवाय आमच्याकडचं एकही लग्न पार पडलेलं नाही. खरं सांगायचं तर हल्ली आमच्यात बोलायला हाच एक विषय उरलाय. तोही निकालात निघाला तर काय, असं फोन ठेवल्यावर वाटून गेलं. पण कंदील तिनेच टाकला!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

गेम चालत नाही.

घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स (माझी हौस, बायकोची — कल्याणीची — डोकेदुखी), आणि विकणाऱ्यांनी गेम बांधलाय फक्त विंडोजसाठी. हरकत नाही. इंटरप्रिटर आहे ना! जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला फुकटचा, सर्वांना खुला प्रोग्राम. जुन्या गेमच्या मूळ फायली त्याच्यापुढे ठेवायच्या, तो त्या वाचतो आणि गेम चालवतो.

ठेवल्या. म्हणाला, या फोल्डरमध्ये गेम नाही.

अरे आहे! आत्ताच विकत घेतलाय!

शनिवार, ८ नोव्हेंबर

इंटरप्रिटरवाल्यांच्या फोरमवर विचारलं. नम्र इंग्रजीत, चार परिच्छेद, त्यातले तीन ताईबद्दल. तासाभरात ‘खुंटी४११०३०’ नावाच्या कुणाचं उत्तर — नियम पहिल्या पानावर आहेत.

पिनकोड ओळखला. मराठीत लिहिलं, “आपण सदाशिव पेठेतले का?”

“हो. नियम तरीही पहिल्या पानावरच आहेत.”

रविवार, ९ नोव्हेंबर

वाचले नियम. खुंटीचं बरोबर होतं, याचाच जास्त राग आला. नव्या विक्रीत सगळ्या फायली एका मोठ्या फाइलीत गाठोड्यासारख्या बांधल्यात. गाठोडं सोडवलं. वर आवाजाच्या फायलींची नावंही बदललीत. ती जुन्यासारखी करायची. अडतीस फायली! एकेक करून हाताने बदलल्या.

कल्याणी मागे उभी होती. “एवढ्यासाठी छोटा प्रोग्राम नाही लिहिता येत? ऑफिसात काय करतोस दिवसभर?”

दुर्लक्ष केलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

गेम सुरू झाला, पण त्यातला बोकड राणीच्या आवाजात बोलतोय.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बोकड सुधारला. आता राणी बोकडाच्या आवाजात. सिंहासनावर बसून, भर दरबारात, “बँऽऽऽ!” आणि प्रधान मान लववतोय.

कल्याणी हसून हसून जमिनीवर बसली. मग कुकर लावून आली आणि तीन शिट्ट्या व्हायच्या आत सहा ओळींचा प्रोग्राम लिहून अडतीसच्या अडतीस नावं जागेवर आणली. आणि कुकर बंद करायला गेली. एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सुट्टी टाकली. कारण दिलं — घरगुती.

चाललं! तेच संगीत, तीच हिरवी दलदल. कंदील हातात घेऊन दुपारी नदीवर पोचलो.

बाबांनी माझ्या वाढदिवसाला पाच फ्लॉपी आणल्या होत्या. कॉम्प्युटर होता बाबांच्या फॅक्टरीतल्या कुणीतरी टाकून दिलेला. नावाडी आम्हाला रोज एकच सांगायचा — आज नाही, पुन्हा या. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही! रेशनचं दुकान तेच सांगायचं, गॅसवाला तेच सांगायचा, दाखल्याच्या खिडकीवर तर पाटीच होती. मग आम्ही रोज पुन्हा जायचो. नावाड्याला मासे देऊन पाहिले, टोपी दिली, बोकड दिला. बाबा ड्यूटीवरून आले की चपला काढता काढता विचारायचे, “गेला का पलीकडे?” मी म्हणायचो, नाही, ताईने कंदील टाकला.

आज नावाड्यासमोर गेलो. कंदील पुढे केला.

त्याने बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, “बसा.”

मागे जाऊन कंदील मुद्दाम विहिरीत टाकला. रिकाम्या हाताने परत आलो.

“बसा.”

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

फोरमवर विचारलं, कंदिलाचा नावाड्याशी कुठे काही संबंध आहे का. खुंटी — “नाही. ताईंना नमस्कार सांगा.”

शनिवार, १५ नोव्हेंबर

मग तेव्हा अडलं कशाने? माळ्यावरून जुनी सीडी काढली. त्या पाच फ्लॉपी मी कॉलेजात असताना तिच्यावर उतरवून ठेवल्या होत्या. त्याच फायली इंटरप्रिटरला दिल्या. या वेळी त्याने झटक्यात ओळखलं आणि गेमच्या नावापुढे एकच शब्द लिहिला.

डेमो!

नमुना! दुकानदार गिऱ्हाइकाला चाखायला देतो तसा! नदीपलीकडे काही नव्हतंच. ‘पुन्हा या’ म्हणजे ‘पूर्ण गेम विकत घ्या’. आणि आम्ही वर्षभर त्या माणसाला मासे खायला घालत होतो!

पोट दुखेपर्यंत हसलो. मग बाबा आठवले. किती ऐटीत आणला होता त्यांनी. जाऊन चौदा वर्षं झाली. बरं झालं, त्यांना हे कधी कळलं नाही.

माफीनामा लिहिला. एक पान. सुरुवात ‘आदरणीय ताईसाहेब’.

रविवार, १६ नोव्हेंबर

ताईने चष्मा लावून माफीनामा दोनदा वाचला. “तारीख नाही.” तारीख घातली. तिने तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि सीडी हातात घेतली.

“डेमो आहे हे मला तेव्हाच कळलं होतं, प्रज्ञू. कॉम्प्युटर क्लासच्या श्याम सरांनी सांगितलं. पण बाबा रोज येऊन विचारायचे. त्यांना काय सांगणार, तुम्ही आणलेला गेम अर्धाच आहे?”

“मग?”

“मग काय. बाबांना सांगायला तुला काहीतरी कारण हवं होतं. कंदील मीच टाकला.”