या वेळी बांगड्या नकोत

वेलचेरी, चेन्नई
शुक्रवार, ता. ८ ऑगस्ट

माझी लाडकी तस्कीन,

सलाम, आणि ओंजळ भरभरून दुवा. नातजावयाला, शाहुललाही माझा सलाम सांग. इथे तुझे अब्बा, अम्मी आणि मी, सगळी बरी आहोत. माझे गुडघे तेवढे सोडून.

काल सकाळी मी घावन घालत होते आणि तुझ्या अब्बांनी, अश्फाकने तुझा फोन ठेवून सांगितलं, "आई, तस्कीनला चौथा महिना लागला." अगं, कालथा हातात तसाच राहिला आणि घावन तव्यावर कोळसा झालं. समोरच्या घरातली अलमेलू धावत आली, "अक्का, काय जळतंय?" मी उत्तर द्यायचं सोडून तिला मिठीच मारली. तिच्या पातळाला सगळं पीठ. ती म्हणाली, "आता पणतू सांभाळायला गुडघे कुठून आणणार?" मी म्हटलं, बसून सांभाळीन. अल्लाचे आभार मानायला दोन रकात शुक्रान्याची नमाज पढले, तीही खुर्चीवर बसून.

पत्र का लिहितेय असं वाटेल तुला. एक तर माझा फोन तू घेत नाहीस. घेऊ नकोस, तुझं बरोबर आहे. दुसरं म्हणजे तुझ्या घरात सगळे तमिळ वाचणारे. मराठी अक्षरं तुला मीच मांडीवर घेऊन गिरवायला लावली होती, तेव्हा हे तुझ्याशिवाय कुणाला वाचता यायचं नाही. तेच बरं. मी दापोलीची चौथी पास, जोडाक्षरं चुकली तर हसून घे.

अश्फाकने आणखीही एक सांगितलं. त्यावर येतेच.

आमच्याकडे परवा पाऊस झाला आणि खालच्या गाड्यांना पाणी लागलं. लिफ्ट बंद. मासेवाली वर येईना, मग तुझ्या अम्मीने दोरीने पिशवी खाली सोडली आणि वंजरम वर ओढला. इतकी वर्षं झाली, पण मी त्याला सुरमईच म्हणते. तू लहानपणी शेपटीचाच तुकडा मागायचीस. आता खातेस ना? वास सहन होतो का? मागच्या वेळी तुला

बघ, कशी टाळतेय मी. तुझे दादाजान असते तर म्हणाले असते, "हलीमा, गाडी आता स्टेशनात आण." जन्मभर रेल्वेत नोकरी, दुसरं काय सुचणार त्यांना!

अश्फाक हसत म्हणाला, "आई, जिंकलीस तू. तस्कीन म्हणते, दादीला सांगा, या वेळी सातव्या महिन्यात बांगड्या घालू."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? गॅस बंद करायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढा वेळ झाला. मग मागचं सगळं आठवलं.

मागच्या वेळी, इथल्या बायका डोहाळजेवणाला चढवतात तशा, अलमेलूला घेऊन मी तीन डझन काचेच्या बांगड्या आणल्या होत्या, लाल आणि हिरव्या. तू हात मागे घेतलेस. "दादी, हा दुसऱ्यांचा विधी आहे. आपल्याला आपल्या दोन ईदा आहेत, तेवढे सण पुरे. आम्हाला कुराण शिकवणाऱ्या बाजी सांगतात, दुसऱ्यांचे विधी उचलू नयेत." मी म्हटलं, "तुझ्या बाजीला पोर झालंय का एकतरी?" किती वाईट बोलले. तू शांतपणे म्हणालीस, "दादी, बाळाला अल्ला सांभाळतो. काच नाही सांभाळत."

मी हट्टाने आपल्या मशिदीतल्या म्हाताऱ्या इमामसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "पोरीला भेट द्या, चार बायकांना जेवायला घाला, दुवा मागा, त्यात मला वावगं दिसत नाही. दुसरे आलिम तेवढंही नको म्हणतील, त्यांचंही ऐकावं. पण बांगड्यांच्या आवाजाने बाळाचं रक्षण होतं असं मनात आणलंत, तर ते चूक. तिथे मीही नाहीच म्हणेन." मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, इमामसाहेब हो म्हणाले. पुढचं अर्धं गिळून टाकलं.

मला त्या बांगड्यांचं एवढं का, ते तुला कधी सांगितलंच नाही. तुझे अब्बा पोटात होते तेव्हा आम्ही पेरांबूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. मला एक अक्षर तमिळ येत नव्हतं. माझी आई दापोलीला अंथरुणावर. सातव्या महिन्यात पलीकडच्या घरातल्या तमिळ अम्मांनी मला पाटावर बसवलं आणि माझ्या हातांत बांगड्या चढवल्या. पाच तऱ्हेचे भात केले होते त्यांनी. मी रडले तर त्यांनी पदराने माझं नाक पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं. धर्म-बिर्म माझ्या डोक्यातही आला नाही. या गावात मला कुणीतरी आहे, एवढंच वाटलं. तुलाही तेच द्यायचं होतं गं मला. पण देता देता मी त्याची भीती कधी केली, मला कळलंच नाही.

आता लिहिते.

तू नाही म्हणालीस, तरी मी तुझ्याकडे श्रीपेरुंबुदूरला आठ दिवस राहायला आले होते ना? एका दुपारी तू असरची नमाज पढत होतीस. मी तुझ्या निळ्या उशीचा कोपरा उसवला, दोन हिरव्या बांगड्या कापसात खोल सारल्या आणि वरून टाके घातले. तुझ्या नमाजेच्या वेळीच, बघ.

मग आठव्या महिन्यात ते झालं. दवाखान्यात तुझ्या सासूच्या, नणंदेच्या देखत मी म्हणाले, "बांगड्या घातल्या असत्यास तर बाळ राहिलं असतं." तू भिंतीकडे तोंड केलंस. तेव्हा तुझ्या डोक्याखाली तीच निळी उशी होती, शाहुलने घरून आणलेली. मला ती दिसत होती तस्कीन. बांगड्या तुझ्याजवळच होत्या. त्यांनी काही राखलं नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी तुझ्यावर आळ घेतला, कारण कुणावर तरी घ्यायचा होता आणि अल्लावर घ्यायची छाती नव्हती.

दीड वर्ष तू बोलली नाहीस. मला वाटलं, रागावलीये. राग परवडला. काल अश्फाककडून खोदून खोदून काढलं, तेव्हा तो म्हणाला, तू त्याला विचारलंस, "अब्बा, माझ्यामुळेच गेलं असेल का ते?" तू! काच सांभाळत नाही म्हणणारी माझी पोर!

तुझ्यामुळे नाही गेलं. ऐकलंस? तू म्हणाली होतीस तेच खरं होतं.

आनंदाने हात पुढे केले असतेस आणि तुझ्या बाजीचं काही म्हणणं नसतं, तर मी नाचत आले असते. पण तू घाबरून हात पुढे करतेयस, आणि ती भीती मी घातलेली आहे. म्हणून या वेळी बांगड्या नकोत. मी आणणार नाही. अलमेलूलाही सांगितलं. ती म्हणाली, "नको तर नको अक्का, भात तर करून देऊ ना?" ते तू ठरव. तेही नको असेल तर तेही नको.

एक काम मात्र आजच कर. ती उशी अजून वापरत असशील. डाव्या खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याचे माझे वेडेवाकडे टाके आहेत. ते उसव, बांगड्या काढ आणि टाकून दे. मला परत देऊ नकोस. मग उशी शिवून त्यावर नीट झोप.

मला बोलाव असं म्हणत नाही. मनात आलं, तर अश्फाकला सांग.

तुझ्या उशाशी खोटं शिवून ठेवणारी, आणि आता रिकामे हात घेऊन बसलेली,
तुझी दादी